दोघांचं टेबल

“शुगर टू प्लस, अल्ब्युमिन निल,” ताई म्हणाल्या.

भाऊंनी लिहून घेतलं.

“पुढची. शुगर निल, अल्ब्युमिन ट्रेस. ही बाई पाणीच पीत नाही वाटतं.”

“तसा शेरा लिहू का?”

“लिहा की. खाली सही मात्र तुमची.”

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून जी लांबट खोली होती, ती तपासणीची प्रयोगशाळा. खिडकीखाली एक टेबल, टेबलाशी दोन उंच स्टुलं. सकाळी लघवीच्या बाटल्या रांगेने मांडल्या जात. ताई एकेका बाटलीत कागदी पट्टी बुडवत, झटकत, डब्यावर छापलेल्या रंगांच्या चौकटींशेजारी धरून रंग जुळवत आणि साखर किती, अल्ब्युमिन म्हणजे प्रथिन किती, तो निकाल मोठ्याने सांगत. भाऊ लिहीत. ते काम संपलं की स्टुलं तीच राहत पण काम पालटे. मग भाऊ रक्ताचे नमुने काचेवर पसरायला घेत आणि ताई त्यांनी पुसून ठेवलेल्या काचा एकेक हाताशी देत.

या दोघांचं काही नातं नव्हतं. ताई कुणाच्या ताई नव्हत्या आणि भाऊ कुणाचे भाऊ नव्हते. पण इस्पितळात माणसाला एकदा चिकटलेलं नाव निवृत्तीशिवाय सुटत नाही. ताई ठेंगण्या, बोलक्या, कायम कशावर तरी चिडलेल्या. भाऊ उंच, सावकाश, पन्नाशी ओलांडलेले. लोक त्यांना ‘जोडगोळी’ म्हणत. एक रजेवर गेला की दुसऱ्यालाही त्याच दिवशी घरी काहीतरी निघायचं, यावरून थट्टाही व्हायची. दोघं ती हसून घ्यायचे.

हसून घेण्याचं कारण असं, की त्या थट्टेच्या पलीकडे कुणी जाऊ नये.

भाऊंना रंग कळत नसत. अगदीच दिसत नसत असं नाही. आकाश निळं आहे हे त्यांना दिसे, पिवळा बल्ब पिवळा दिसे. पण लाल, हिरवा, तपकिरी ही मंडळी त्यांच्यासमोर एका घरच्या भावंडांसारखी उभी राहत. थोरला कोण, धाकटा कोण, पत्ता लागत नसे. फळं ते दाबून घेत. रस्त्यावरचा दिवा वर पेटला आहे की खाली, यावरून थांबत किंवा निघत. शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी झाडाचं खोड हिरवं रंगवल्याबद्दल छडी मारली होती, तेव्हापासून त्यांनी हा विषय कुणापाशी काढला नाही. आईवडिलांपाशीही नाही. लग्न झाल्यावर बायकोपाशीही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांच्या आयुष्याचं धोरण होतं म्हटलं तरी चालेल.

अशा माणसाने प्रयोगशाळेत यावंच कशाला, असा प्रश्न कुणीही विचारील. भाऊ आले ते बाटल्या धुवायला. मग एका सकाळी रक्ताच्या काचा ओढणारा माणूस आला नाही म्हणून त्यांच्या हातात काच दिली गेली, आणि तो हात काही वेगळाच निघाला. काचेच्या एका टोकाला रक्ताचा थेंब ठेवायचा, दुसऱ्या काचेची कड तिरकी टेकवायची, थेंब कडेशी पसरू द्यायचा, आणि एका दमात पुढे न्यायचं. थेंबाचा पातळ पडदा होतो आणि शेवटाला तो इतका विरळ होतो, की सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी सुटी दिसते. त्या विरळ टोकाला हे लोक शेपटी म्हणतात. भाऊंची शेपटी बघून मोठे डॉक्टर म्हणाले होते, “याला बाटल्या कोण धुवायला लावतंय?” पेशी भाऊ आकारावरून ओळखत. कुणाचे दाणे मोठे, कुणाचा गाभा दुभंगलेला, हे रंगाशिवायही कळतं. थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच. पण लघवीच्या पट्टीला आकार नसतो. ती नुसता रंग बदलते.

ताई नव्याने आल्या तेव्हाची गोष्ट. पट्ट्यांचं काम नुकतंच भाऊंच्या वाट्याला आलं होतं. त्यांनी एक पट्टी वाचून साखर नाही असं लिहिलं. शेजारी बसलेल्या ताईंनी मान तिरकी करून पट्टीकडे पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं. “टू प्लस आहे ती,” त्या हळूच म्हणाल्या. भाऊंचे कान तापले. त्यांनी लिहिलेलं खोडलं. पुढची पट्टी ताईंनीच उचलली आणि निकाल मोठ्याने सांगितला. त्या दिवसापासून त्या सांगत आल्या आणि भाऊ लिहीत आले. त्याबद्दल दोघांत कधी एक शब्द झाला नाही.

ताईंचीही एक उणीव होती, पण ती उघडी होती. त्यांना काच ओढता येत नसे. थेंब कुठे चिखलासारखा साचे, कुठे उजाड माळ. “या काचाच तेलकट आल्यात,” असं त्या दर खेपेला म्हणत. नाचता येईना अंगण वाकडं, हे मनातल्या मनात म्हणून भाऊ त्यांच्या वाटणीच्याही काचा ओढून टाकत. असा दोघांचा मिळून एक पूर्ण माणूस तयार झाला होता आणि तो उत्तम काम करत होता. त्याच्या हातून कधी चूक झाली का? झाली नाही, एवढं खरं. झालीच नसती, असं मात्र कुणाला म्हणता येणार नाही.

मग फळ्यावर सूचना लागली. तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकापाशी यापुढे व्यवसायाचं प्रमाणपत्र हवं. जुन्या माणसांना शिक्षणाची अट माफ. मात्र लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा प्रत्येकाने द्यायची. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नसेल त्याला बाहेर खिडकीवर, नावं लिहून नमुने घ्यायच्या कामावर बसवण्यात येईल.

“घाबरायचं काही नाही,” मोठे डॉक्टर दोघांना म्हणाले. “तुम्ही रोज करता तेच तिथे करायचंय. रोज करता ना?”

“हो,” ताई म्हणाल्या.

“हो,” भाऊ म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर ताईंनी दार लोटून घेतलं. “आता?”

“आता काय?” भाऊ म्हणाले.

“भाऊ, तिथे मी सांगायला नसणार.”

इतक्या वर्षांत या विषयावर बोललेलं हे पहिलं वाक्य. भाऊंनी हातातली काच उगाच पुन्हा पुसली. खिडकीवर बसायचं म्हणजे दिवसभर लोकांची नावं लिहायची, ‘इथे ठेवा, तिथे उभे राहा’ म्हणायचं आणि काच पुन्हा कधी हातात धरायची नाही. बाकी कशातच त्यांना मोठेपण मिळालं नव्हतं. घरात ते फारसे बोलत नसत, चार लोकांत कुणी त्यांचं मत विचारत नसे. काचेपुढे बसले की मात्र ते स्वतःला आवडायचे.

“शिकेन मी,” ते म्हणाले. “फिका-गडद तर कळतो ना मला? गडदपणावरून जुळवेन. आणि तुम्ही काच शिका.”

“या वयात?”

“काचा तेलकट नाहीत, ताई. मी पुसतो, मला माहीत आहे.”

ताईंना हसू आलं. नाही तर त्या रागावल्या असत्या.

मग रोज काम आटोपल्यावर टेबलावर शाळा भरू लागली. भाऊ शिकवायला कडक निघाले.

“ढकलता कशाला? लोटा. दार लोटतो तसं. घरात कुणी झोपलंय आणि आवाज होऊ द्यायचा नाही.”

“आमच्या घरात सगळे ढोल वाजले तरी झोपतात.”

“मग तुम्ही दार आपटत असणार. पुन्हा करा.”

ताईंनी पुन्हा केलं. फेकायच्या डब्यात काचांचा ढीग साचला. त्यांचं मनगट घट्ट होतं. आयुष्यभर सगळं घाईने उरकायची सवय, दुसरं काय. भाऊ त्यांच्या हाताला हात लावत नसत. स्वतःचा हात शेजारी धरून दाखवत आणि दोघांच्या काचा एकदम पुढे जात. एके दिवशी ताईंच्या काचेला शेपटी आली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटून पाहिली आणि म्हणाल्या, “ही तुमची तर नाही ना?”

भाऊंचा अभ्यास मात्र पालथ्या घड्यावर पाणी. ताई डबा समोर ठेवत, एकेक चौकट झाकून विचारत. भाऊ डोळे बारीक करून गडदपणा जुळवत. पट्टी कोरडी असेल, खिडकीतून ऊन येत असेल, तर बऱ्याचदा जमायचं. ढग आले की गणित कोसळायचं. “ही कुठली?” “वन प्लस?” “निल.” “ही?” “निल.” “थ्री प्लस आहे हो, भाऊ!” ताईंना वाईट वाटायचं आणि त्यांचं वाईट वाटणं आवाज चढवून बाहेर पडायचं. भाऊ म्हणायचे, “होईल. त्या दिवशी ऊन असलं म्हणजे झालं.”

त्या दिवशी ऊन होतं. पण परीक्षेच्या दालनाला खिडक्या उंचावर होत्या आणि खाली सगळा नळीच्या दिव्यांचा उजेड. दोघांनी अर्ज एकदमच भरले होते, म्हणून टेबलं शेजारी-शेजारी आली. भाऊ स्टुलावर बसले, वर दिव्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात काय ते समजले.

लेखी पेपर सकाळी झाला होता. तो दोघांनाही बरा गेला. प्रात्यक्षिकात आधी रक्ताची काच. परीक्षक एक मध्यमवयीन बाई होत्या. चष्मा कपाळावर, हातात पाठीला पुठ्ठा लावलेले कागद, आणि शिस्त इतकी की पेनचं टोपण पडलं तरी त्या वळून बघत. भाऊंनी काच ओढली. परीक्षक बाई जाताजाता थांबल्या, वाकून पाहिलं आणि कागदावर खूण केली. भाऊंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. ताईंनी श्वास रोखला होता. त्यांचा हात पुढे गेला, आवाज न करता दार लोटावं तसा, आणि काचेवर शेपटी आली. भाऊंना स्वतःच्या काचेपेक्षा ती पाहून बरं वाटलं.

त्यानंतर पट्ट्या. प्रत्येकापुढे एक बाटली, एक पट्टी, रंगांच्या चौकटी छापलेलं एक कार्ड आणि एक उत्तरपत्रिका. बाटल्या वेगवेगळ्या होत्या, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं.

भाऊंनी पट्टी बुडवली, झटकली, कार्डाशेजारी धरली. नळीच्या उजेडात सगळ्या चौकटी करड्या-पिवळ्या दिसत होत्या. त्यांनी पट्टी थोडी फिरवली. डोळे बारीक केले. काही नाही. कपाळावर घाम आला. घड्याळाचा काटा पुढे जात होता, आणि पट्टी वेळेत वाचली नाही तर रंग आपणहून बदलतो, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

“शुगर थ्री प्लस, अल्ब्युमिन ट्रेस,” ताई म्हणाल्या.

मोठ्याने, स्वच्छ, रोजच्यासारखं. पट्टी हातात आली, रंग जुळला आणि तोंडातून निघून गेलं. आणि भाऊंच्या पेनाने ते रोजच्यासारखं लिहून घेतलं.

दालनात सगळ्यांनी माना वर केल्या. ताईंनी तोंडावर हात ठेवला. पण बोललेला शब्द आणि सुटलेला बाण परत येत नाही. परीक्षक बाई आल्या तेव्हा भाऊ आपल्या उत्तरपत्रिकेकडे बघत होते. त्यांना आत्ता कळलं होतं आपण काय लिहिलंय ते.

बाईंनी भाऊंचा कागद उचलला, ताईंचा उचलला, दोन्ही शेजारी धरले.

“तुमच्या बाटलीत साखर नाही,” त्या भाऊंना म्हणाल्या. “नावालासुद्धा नाही. तुम्ही थ्री प्लस लिहिलंय. थ्री प्लस या बाईंच्या बाटलीत आहे, आणि त्यांनी तुम्हाला सांगितलं ते माझ्या कानांनी ऐकलंय.”

“मी स्वतःशी बोलत होते,” ताई म्हणाल्या.

“स्वतःशी बोलायला एवढा आवाज लागतो?”

“माझा आवाजच तसा आहे, बाई. घरीही हेच ऐकते मी.”

कुणीतरी मागे फिसकन हसलं. परीक्षक बाई हसल्या नाहीत. “दोघांचे पेपर मी बाजूला ठेवते. एकाने सांगितलं, दुसऱ्याने लिहिलं. नियमात हे दोन्ही सारखंच. परीक्षा रद्द, आणि पुन्हा बसायला मिळेल की नाही ते वरचे ठरवतील.”

ताईंचा चेहरा पडला. त्या कायम चिडलेल्या दिसत. चिडलेल्या नसल्या की त्यांचा चेहरा कसा दिसतो हे भाऊंनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“बाई,” भाऊ म्हणाले, “त्या मला सांगत नव्हत्या.”

“मग?”

“मला सांगायचं असतं तर त्यांनी माझी पट्टी बघून सांगितलं असतं. त्यांनी स्वतःची वाचली. रोज त्या वाचतात, मोठ्याने बोलतात, मी लिहितो. सवय. त्यांचं तोंड गेलं, माझा हात गेला.”

परीक्षक बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “सवयीचं समजलं. पण तुमची पट्टी तुमच्या हातात होती. तुम्हाला समोर दिसत होतं की साखर नाही. तरी थ्री प्लस कसं लिहिलंत?”

इथे भाऊंना काहीही म्हणता आलं असतं. गडबड झाली, वय झालं, रात्री झोप लागली नव्हती. अशा उत्तराने कदाचित पुढच्या खेपेला पुन्हा बसायची वाट राहिली असती. पण मग ताईंचं सवयीचं बोलणं खरं कशावरून? ते सिद्ध व्हायला एकच गोष्ट सांगावी लागत होती. छडी खाल्लेल्या दिवसापासून जी सांगितली नव्हती, ती.

“मला रंग कळत नाहीत,” भाऊ म्हणाले.

“काहीतरीच काय, भाऊ!” ताई एकदम पुढे आल्या. “बाई, ह्यांना सगळं दिसतं. आज बरं नाही त्यांना. सकाळपासून ताप आहे.”

“ताई, राहू द्या आता.”

“काय राहू द्या? ह्यांच्यासारख्या काचा तुम्ही अख्ख्या जन्मात…”

“ताई.”

ताई स्टुलावर बसल्या. परीक्षक बाई आपल्या टेबलाकडे गेल्या आणि आधीच्या गटाच्या वापरलेल्या दोन पट्ट्या घेऊन आल्या. पांढऱ्या कागदावर त्या शेजारी-शेजारी ठेवल्या.

“यातली हिरवी कुठली?”

बाकीचे उमेदवार उभे राहून बघत होते. भाऊ वाकले. वास्तविक आता अभ्यासाचा काही उपयोग नव्हता. चुकलं तरच ताईंचा फायदा होता. तरीही त्यांनी डोळे बारीक केले, कागद थोडा दिव्याकडे कलवला, आणि मनापासून प्रयत्न केला. बरोबर यावं असं त्यांना त्या क्षणीही वाटत होतं. मग त्यांनी एका पट्टीवर बोट ठेवलं.

ती तपकिरी होती.

परीक्षक बाईंनी दोन्ही पट्ट्या उचलल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “कधीपासून?”

“जन्मापासून असेल.”

“आणि काम?”

“काम चोख झालंय,” ताई म्हणाल्या. “हवं तर मला विचारा. नाही, मलाच विचारा.”

बाईंनी ताईंचा कागद गठ्ठ्यात परत ठेवला. भाऊंच्या कागदावर त्यांनी आडवी रेघ मारली, पण ती मारताना जरा हळू मारली.

बाहेर आल्यावर ताईंचा बांध फुटला. फाटकापाशी उभ्या राहून त्या रडत होत्या आणि रडतारडता ओरडत होत्या. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? मी बसले असते पुन्हा! माझं काय अडलं होतं?”

“पुन्हा बसू देतील का ते ठरलं नव्हतं. आणि तुमची काच बघितली मी. अशी शेपटी दुसऱ्यांदा येईल याची काय खात्री?”

“थट्टा करू नका. तुमचं टेबल गेलं, भाऊ.”

“हो,” भाऊ म्हणाले. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि अंगही हलकं झालं होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे त्यांना माहीत नव्हतं.

घरी बायको स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. “कसा गेला पेपर?” तिने वळून न बघता विचारलं. भाऊंनी दारात उभं राहून सगळं सांगितलं. सुरुवातीला ती पुसत राहिली. मग तिने फडकं खाली ठेवलं.

“म्हणजे हा स्वेटर,” तिने त्यांच्या अंगावर बोट दाखवलं, “मी विणला तो. कुठल्या रंगाचा आहे?”

“छान आहे.”

“छान हा रंग नाही.”

“मग नाही माहीत.”

“तीन दुकानं फिरले होते मी या लोकरीसाठी! विचारलं तर म्हणालात, ‘हाच बघत होतो मी.’” ती खुर्चीवर बसली. “आणि मी लोकांना सांगते, ह्यांना कपड्यांतलं काही कळत नाही. हसतात सगळे. तुम्हीही हसता.”

“लाज वाटायची.”

“कुणाची? माझी?” मग ती निराळ्याच आवाजात म्हणाली, “तिला माहीत होतं.”

“कुणाला?”

“तुमच्या ताईंना. इतकी वर्षं त्या बाईला माहीत होतं, आणि मला नाही.”

“मी सांगितलं नव्हतं त्यांना. त्यांना दिसलं.”

हे उत्तर त्यांनी सांत्वन म्हणून दिलं आणि ते नेमकं उलटं लागलं. शेजारी बसणाऱ्या बाईला दिसलं, शेजारी झोपणाऱ्या बाईला दिसलं नाही. रंग न कळल्याचा राग तिला नव्हताच. राग होता तो याचा. तिला राग आला होता, आणि तो रास्त होता. दोन दिवस ती कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी भाऊ कामावर निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली, त्यांच्याकडे पाहून म्हणाली, “मोजे बदला. एक हिरवा आहे, एक तपकिरी.”

“आजच?”

“नेहमीच असतं. मला वाटायचं तुम्ही वेंधळे आहात.” मग आतून जोडी आणून हातात देत म्हणाली, “यापुढे मला विचारायचं. मला, समजलं?”

निकाल यथावकाश आला. ताई उत्तीर्ण. मोठ्या डॉक्टरांना परीक्षक बाईंकडून सगळं कळलं होतं. त्यांनी भाऊंना आपल्या खोलीत बोलावलं, बसवलं आणि बराच वेळ टेबलावरचा कागददाब फिरवत राहिले.

“दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा,” ते शेवटी म्हणाले. “माझ्या नाकासमोर. रागवायला हवं मी तुमच्यावर.”

“हो, साहेब.”

“एखाद्या दिवशी त्या बाई नसत्या आल्या तर?”

“मीही येत नव्हतो त्या दिवशी.”

डॉक्टरांनी मान वर केली. रजांची ती जुनी थट्टा त्यांनीही केली होती. त्यांनी कागददाब खाली ठेवला. “खिडकीवर बसा. दुसरं काही माझ्या हातात नाही.”

“काचा ओढून ठेवल्या तर? नुसत्या ओढून? वाचणार नाही मी.”

“प्रमाणपत्राशिवाय टेबलाला हात नाही, भाऊ. नियम आहे.”

“बरोबर आहे,” भाऊ म्हणाले, आणि उठले.

खिडकी म्हणजे प्रयोगशाळेच्या भिंतीला पाडलेलं एक चौकोनी भोक, त्याला झडप. बाहेरच्या बाजूला फळी, फळीमागे खुर्ची. खुर्चीतला माणूस रांगेतल्या लोकांकडून बाटल्या घेतो, चिठ्ठी चिकटवतो आणि मागच्या झडपेतून आत सरकवतो. इथे पांढऱ्या कोटाची गरज नसते. पहिल्या दिवशी भाऊ बायकोने काढून दिलेला सदरा घालून आले. ताई त्यांच्याआधी येऊन बसल्या होत्या. झडपेतून त्यांनी एकदा वाकून पाहिलं. मग त्या बाटल्या मांडायला लागल्या. आज त्यांना वाचायचंही होतं, लिहायचंही होतं आणि काचाही ओढायच्या होत्या. वेळ लागणार होता.

रांग भिंतीच्या कडेने जिन्यापर्यंत गेली होती. तिसरा की चौथा माणूस म्हातारा होता, स्वच्छ दाढी केलेला, घाबरलेला. बाटली त्याने रुमालात गुंडाळून आणली होती. रुमाल सोडून त्याने ती फळीवर ठेवली, पण हात काढला नाही.

“साहेब, जरा बघता का?” तो पुढे झुकून म्हणाला. “रात्रीपासून असं होतंय. लालसर आहे ना ही? की मलाच तसं वाटतंय? तुम्ही एवढं रोज बघता, तुम्हाला बघूनच कळत असेल.”

भाऊंनी बाटली घेतली आणि उजेडाकडे धरली. आतलं पाणी गढूळ होतं, कडेला थोडं गडद होतं. याहून जास्त त्यांना काही दिसत नव्हतं. मागची माणसं पुढे सरकून ऐकत होती. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“मला रंग दिसत नाहीत,” भाऊ म्हणाले.

“आँ?”

“लाल, हिरवं कळत नाही मला. लहानपणापासून नाही कळत.” त्यांनी आवाज खाली आणला नव्हता. रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ते गेलं असेल. “मी चुकीचं सांगेन आणि तुम्ही विश्वास ठेवाल. आत ताई बसतात, त्या बघतील. त्यांचं चुकत नाही.”

म्हाताऱ्याने रुमालाची घडी करून खिशात ठेवली. मग तो, जणू ही नित्याचीच माहिती असावी अशा स्वरात म्हणाला, “बरं.”

“नाव सांगा,” भाऊ म्हणाले.

त्याने सांगितलं. भाऊंनी ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, चिठ्ठी बाटलीला चिकटवली, कडा अंगठ्याने दाबून घेतल्या आणि झडप उघडून बाटली आत ठेवली. मग ते पुन्हा रांगेकडे वळले आणि पुढच्या माणसासाठी हात पुढे केला.